खुनाच्या तपासात यंत्रांची साक्ष: मृत्यूची वेळ फोनवरून ठरवता येते का?

अक्षांश

मृतदेहाच्या तापमानावरून मृत्यूची वेळ काढायची तर हेन्सगेचा आलेख वापरतात. सगळं अनुकूल असलं तरी त्याचं उत्तर दोन्ही बाजूंना २.८ तास सोडून येतं. म्हणजे साडेपाच तासांचा पट्टा. अंगावर पांघरूण असेल, मधल्या काळात खोलीचं तापमान बदललं असेल, तर तो आणखी रुंदावतो. त्याच खोलीत पडलेल्या फोनमध्ये मात्र सेकंदापर्यंतच्या नोंदी असतात.

माझं मत असं की खुनाच्या तपासात डिजिटल पुराव्याचा सर्वांत मोठा उपयोग 'कोणी' यापेक्षा 'केव्हा' हे ठरवण्यासाठी होतो. 'केव्हा' पक्कं झालं की कोणाचा जबाब टिकतो आणि कोणाचा कोसळतो ते दिसायला लागतं. पण ही सेकंदाची नोंद किती भरवशाची? ती कुठे फसवते?

कायद्याची कलमं देशागणिक वेगळी असतात, ती इथे नकोत. यंत्र, त्यातली नोंद आणि तिचा अर्थ एवढ्यावर बोलू.

नोंदकर्ता

'केव्हा' या मुद्द्यासाठी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधला डबाटे खटला बघा. २३ डिसेंबर २०१५ ची घटना. नवऱ्याचा जबाब असा की सकाळी नऊच्या सुमारास घरात घुसखोर शिरला आणि त्याने बायकोला गोळ्या घातल्या. तिच्या अंगावरच्या फिटबिटमध्ये (पावलं मोजणाऱ्या यंत्रात) शेवटची हालचाल १०:०५ ची होती, आणि त्याआधी ती घरात १,२१७ फूट, म्हणजे सुमारे ३७० मीटर चालल्याची नोंद होती. त्याच्या सांगण्याप्रमाणे ती जेव्हा मेलेली होती, तेव्हा ती चालत होती. २०२२ मध्ये तो दोषी ठरला.

इथे फिटबिटने खुनी दाखवला नाही, हे लक्षात घ्या. त्याने फक्त एक जबाब अशक्य ठरवला.

अमेरिकेतल्याच मर्डॉ प्रकरणातही हेच; तिथे बापावर बायको आणि मुलाच्या खुनाचा आरोप होता. ७ जून २०२१ च्या रात्री ८:४४ ला मुलाच्या फोनवर कुत्र्यांच्या खुराड्यापाशी एक छोटा व्हिडिओ काढला गेला आणि त्यात बापाचा आवाज आला. बाप सांगत होता की तो तिकडे गेलाच नव्हता. मुलाचा फोन ८:४९ ला कायमचा लॉक झाला. शेवटी साक्षीच्या पिंजऱ्यात बापाला कबूल करावं लागलं की तो तिथे होता. खून केल्याचं त्याने नाकारलं, पण आधीचा जबाब गेलाच.

पारिजात

पायऱ्यांच्या नोंदीचं उदाहरण जोडते. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये एका विद्यार्थिनीचा खून झाला. आरोपीच्या आयफोनमधल्या हेल्थ ॲपने दोन वेळा 'पायऱ्या चढल्या' अशी नोंद केली होती. तिथे जिने नव्हते, नदीचा उतार होता. तिला खाली ओढत नेणं आणि परत वर चढणं याच्याशी ती नोंद जुळत होती. साधारण त्याच बांध्याच्या पोलिसाने तीच कृती त्याच जागी करून पाहिली, तेव्हा तशीच नोंद उमटली.

या खटल्यातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तो प्रयोग. फोनला जिना दिसत नाही. वायुदाबमापकावर सुमारे ३ मीटर उंची वाढलेली दिसली आणि त्याच वेळी पावलं पडली की तो एक मजला मोजतो. लिफ्टमध्ये उभं राहिलं तर मजले मोजले जात नाहीत, चढणीवर चाललं तर मोजले जातात. आरोग्याच्या नोंदी एकेका पावलाच्या नसून काही सेकंदांच्या ते काही मिनिटांच्या तुकड्यांच्या असतात, हेही पाहायला हवं. '१०:०१ ते १०:०७, ८४ पावलं' अशी नोंद असेल तर १०:०३ ला तो माणूस चालत होता की उभा होता हे त्यावरून सांगता येत नाही.

कुतूहल

आणि आरोपीने फोन घरीच ठेवला किंवा बंद केला तर? मग सगळंच संपलं की.

शून्यएक

संपत नाही. आयडाहोतल्या चार विद्यार्थ्यांच्या खुनात (१३ नोव्हेंबर २०२२) आरोपी कोहबर्गरचा फोन पहाटे २:४७ ते ४:४८ नेटवर्कवर नव्हता आणि खून त्याच अवधीत झाले. २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. बरोबर त्या दोन तासांत फोन गायब होणं हाच पुरावा झाला. फोन बंद करणारा माणूस स्वतःच वेळ लिहून ठेवतो.

दीपमाळ

शून्यएक, इथे मी असहमत. त्या प्रकरणात गाडीचं कॅमेऱ्यांतलं चित्रण आणि सुरीच्या म्यानावरचा डीएनए होता म्हणून त्या दोन तासांना वजन आलं. नुसता फोन नेटवर्कवर नसणं हा पुरावा मानायला लागलो तर बॅटरी संपलेला प्रत्येक माणूस संशयित ठरेल.

'नोंद नाही' याची कारणं आधी वेगळी करावी लागतात: बॅटरी संपली, सिग्नल नव्हता, विमान मोड लावला, फोन हाताने बंद केला, अपडेटसाठी तो आपोआप पुन्हा सुरू झाला, किंवा नोंद होती पण मुदत संपून पुसली गेली. कंपनीच्या कॉल नोंदींत ही सगळी कारणं सारखीच दिसतात. फरक कळतो तो फोनच्या आत. बॅटरीची टक्केवारी उतरत १ वर येऊन नोंदी थांबल्या असतील तर ती संपली. ६३ टक्क्यांवर अचानक थांबल्या आणि नंतर ६३ वरच सुरू झाल्या तर तो बंद केला गेला. फोन चालू आहे, स्क्रीन उघडली जात आहे, पण नेटवर्क नाही, तर विमान मोड किंवा सिग्नलबाहेरची जागा.

त्यानंतर मागच्या महिन्याभराच्या रात्री तपासायच्या. रोज झोपताना फोन बंद करणाऱ्याने त्या रात्रीही केला, यात काही विशेष नाही.

शून्यएक

मान्य. 'हाच पुरावा' असं लिहायला नको होतं. सवयीपेक्षा वेगळं वागणं हा तपासाचा धागा, एवढंच म्हणतो.

हॅशमेळ

सगळे विश्लेषणावर बोलताहेत, पण निम्मे पुरावे त्याच्या आधीच, घटनास्थळी, मरतात. त्यावर थोडं सविस्तर.

चालू स्थितीत मिळालेला फोन बंद करू नये. फोन सुरू झाल्यापासून एकदा तरी पासकोड टाकून उघडला असेल (या कामात त्याला एएफयू म्हणतात), तर तो लॉक असला तरी बऱ्याच फायलींच्या किल्ल्या स्मृतीत तयार असतात. बंद करून पुन्हा चालू केला की तो बीएफयू होतो, म्हणजे एकदाही न उघडलेला, आणि मग पासकोडशिवाय हाती लागतं ते अगदी थोडं. मेसेज, फोटो, जागांच्या नोंदी सगळं कुलपात.

दुसरं, घड्याळ आपल्याविरुद्ध चालू असतं. आयओएस १८.१ पासून आयफोन ७२ तास लॉक राहिला की आपणहून पुन्हा सुरू होतो, म्हणजे एएफयूचा बीएफयू होतो. अँड्रॉइडमध्येही २०२५ पासून तीन दिवसांची तशी सोय आली आहे. शिवाय आयफोन लॉक होऊन तास उलटला की केबलमधून माहितीची वाट बंद होते, फक्त चार्जिंग चालतं. 'सोमवारी प्रयोगशाळेत पाठवू' ही सवय आता परवडत नाही.

तिसरं, नेटवर्क तोडणं. नाहीतर दूरवरून कोणीही फोन पुसू शकतो. विमान मोड लावता आला तर लावायचा, आणि वायफाय व ब्लूटूथ खरंच बंद झाले का ते पाहायचं, कारण कित्येक फोनांत ते चालूच राहतात. मग फॅराडे पिशवी, म्हणजे सिग्नल अडवणारी धातूच्या अस्तराची पिशवी. पिशवीत फोन सिग्नल शोधत जास्तीत जास्त शक्तीने ओरडत राहतो आणि बॅटरी काही तासांत संपते, मग पुन्हा बीएफयू. म्हणून पॉवरबँक जोडून तीही पिशवीच्या आत. केबल बाहेर काढली तर तीच अँटेना होते. सिम काढणं हा जुना उपाय आता पुरत नाही, ई-सिम काढता येत नाही.

चिप उखडून वाचण्याबद्दलही लोक विचारतात. आताच्या फोनांत तिचा उपयोग नाही. चिपमधला मजकूर कूटबद्ध असतो आणि किल्ली प्रोसेसरच्या सुरक्षित भागात, त्यामुळे हातात येतो तो निव्वळ कचरा.

कुतूहल

हॅशमेळ, फार उपयोगी प्रतिसाद. मृत व्यक्तीचं बोट लावून फोन उघडतात म्हणे, ते खरं?

हॅशमेळ

त्यावर विसंबू नये. फोनमधले बरेचसे ठसा-संवेदक त्वचेच्या विद्युतधारणेवर चालतात. मृत्यूनंतर त्वचा कोरडी पडते तसा प्रतिसाद मिळेनासा होतो. आयफोनच्या चेहऱ्याच्या कुलपाला सहसा उघडे, पडद्याकडे पाहणारे डोळे लागतात. त्याहून मोठी अडचण अशी की आयफोन ४८ तास उघडला नसेल, पुन्हा सुरू झाला असेल किंवा पाच चुकीचे प्रयत्न झाले असतील, तर बोट-चेहरा काहीच चालत नाही, पासकोडच लागतो. असे प्रयत्न घटनास्थळी हौसेने केले तर पाच संधी तिथेच संपतात. आणि ते करायला परवानगी आहे का, हा वेगळा प्रश्न.

रानवारा

अक्षांशच्या मूळ प्रश्नाकडे. सेकंदाची नोंद फसते ती बहुधा मोजणीचा आरंभबिंदू चुकल्यामुळे. एकाच आयफोनमध्ये तीन पद्धती सापडतात. युनिक्स वेळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. ॲपलची वेळ १ जानेवारी २००१ पासून. दोन्हींतला फरक ९७,८३,०७,२०० सेकंद. क्रोमचा इतिहास १ जानेवारी १६०१ पासूनचे मायक्रोसेकंद मोजतो. युनिक्सच्या जागी ॲपलची धरली तर तारीख ३१ वर्षांनी चुकते, आणि ती चूक लगेच दिसते म्हणून निरुपद्रवी. घात करतात त्या छोट्या चुका: एक तक्ता यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), दुसरा स्थानिक वेळेत, आणि अहवालात दोन्ही शेजारी शेजारी. उन्हाळी वेळेमुळे पडणारा एक तास तर अनेकदा कोणाच्या लक्षातच येत नाही.

सगळं आधी यूटीसीत आणायचं, रूपांतर एकदाच, शेवटी करायचं, आणि एका माहीत असलेल्या घटनेवर पडताळायचं. उदाहरणार्थ, समोरच्याच्या फोनमध्येही नोंद असलेला एखादा कॉल.

पारिजात

+१. सीसीटीव्हीत तर हे रोजचं दुखणं आहे. डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ बहुधा इंटरनेटशी जुळवलेलं नसतं, ते हळूहळू सरकत जातं. जप्तीच्या वेळी डीव्हीआरचा पडदा आणि प्रमाणवेळ दाखवणारा फोन एकाच चौकटीत धरून फोटो घ्यायचा आणि फरक लिहायचा. पण हा फरक जप्तीच्या दिवसाचा. घटना वीस दिवसांपूर्वीची असेल तर त्या दिवसाचा फरक निराळा असू शकतो, मध्ये वीज जाऊन घड्याळ मागे पडलेलं असू शकतं. म्हणून त्याच चित्रणात बाहेरच्या नोंदीने पक्की होणारी एखादी गोष्ट शोधायची.

जप्तीला उशीर झाला तर जुन्या चित्रणावर नवं लिहिलं जातं, म्हणून पोचल्यावर पहिलं काम रेकॉर्डिंग थांबवण्याचं. चित्रण मूळ स्वरूपात काढायचं. पडदा मोबाइलने शूट करून आणला की चौकटींची (फ्रेमची) गती जाते आणि गाडीचा वेग, माणसाची चाल यांची मापं निकामी होतात. हालचाल टिपून चालू होणारा कॅमेरा असेल तर 'चित्रणात कोणी दिसत नाही' यावरून 'कोणी आलं नाही' असा निष्कर्ष काढू नये.

घड्याळाचा प्रश्न पाण्याच्या मीटरलाही चुकलेला नाही. आर्कान्सातल्या बेंटनव्हिलच्या २०१५ च्या प्रकरणात स्मार्ट मीटरने रात्री १ ते ३ दरम्यान १४० गॅलन, म्हणजे सुमारे ५३० लिटर पाणी वापरल्याचं दाखवलं. रक्त धुतल्याचा संशय त्यावरून आला. बचाव पक्षाने मीटरच्या घड्याळावरच बोट ठेवलं. २०१७ मध्ये सरकारी पक्षाने खटला मागे घेतला.

नोंदकर्ता

रानवारा आणि पारिजात ताई घड्याळाबद्दल बोलले. माझ्या मते त्याहून अवघड आहे बरोबर वेळेचा चुकीचा अर्थ.

केरन रीड खटला (मॅसॅच्युसेट्स, जानेवारी २०२२ ची घटना; रीड यांच्यावर प्रियकराच्या खुनाचा आरोप होता) यासाठी मुळातून अभ्यासण्यासारखा आहे. एका साक्षीदाराच्या आयफोनमध्ये 'थंडीत मरायला किती वेळ लागतो' अशा अर्थाचा शोध होता आणि त्यापुढे पहाटे २:२७ ही वेळ. मृतदेह सापडला सहाच्या सुमारास. म्हणजे साक्षीदाराला आधीच माहीत होतं? बचाव पक्षाने तेच मांडलं. सरकारी पक्षाच्या तज्ज्ञांनी दाखवलं की ती वेळ टॅबची होती. टॅब २:२७ ला उघडला होता, तोच टॅब नंतर ६:२३-६:२४ ला या शोधासाठी वापरला गेला. मजकूर नवा, वेळ जुनी. नोंद खोटी नव्हती. तक्त्यातल्या त्या रकान्याचं नाव वाचून लोकांनी अर्थ लावला, सफारी त्यात खरोखर काय आणि कधी लिहितो हे तपासलं नाही. २०२५ मध्ये रीड खुनाच्या आरोपातून सुटल्या, त्याला इतरही अनेक कारणं होती.

आणि केसी अँथनी खटला, २०११; तिच्यावर स्वतःच्या लहान मुलीच्या खुनाचा आरोप होता. 'क्लोरोफॉर्म'चं एक पान ८४ वेळा पाहिलं गेलं असं ज्युरीला सांगितलं गेलं. खरं तर एकदाच. ८४ हा आकडा दुसऱ्याच संकेतस्थळाचा होता, सॉफ्टवेअरने ओळी चुकीच्या जोडल्या. दुसऱ्या साधनाच्या अहवालात बरोबर आकडा होता, दोन्ही शेजारी ठेवून तफावत कोणी सोडवली नाही. याच संगणकावर तपासयंत्रणेने फक्त इंटरनेट एक्सप्लोररचा इतिहास काढला होता. फायरफॉक्समधल्या १,२०० हून अधिक नोंदी सुटल्या आणि त्यांत गुदमरून मारण्याविषयीचा शोध होता. तो निकालानंतर उघड झाला. एकाच खटल्यात एक खोटा पुरावा उभा राहिला आणि एक खरा राहून गेला.

शून्यएक

नोंदकर्ता यांच्या रीड खटल्याच्या उदाहरणात एक तांत्रिक बाब महत्त्वाची. फोनमधली बहुतेक ॲप नोंदी ठेवायला एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतात. नवे बदल आधी 'वाल' नावाच्या जोडफायलीत जातात आणि साधारण १,००० पानं भरली की मुख्य फायलीत उतरतात. मुख्य फाइलमध्ये पुसलेला मेसेज वालमध्ये शिल्लक असू शकतो, एकाच ओळीच्या तीन जुन्या आवृत्त्याही सापडतात. पण वालमधल्या तुकड्याला कोणती वेळ लागू करायची हे जपून ठरवावं लागतं, घोळ तिथेच होतो.

मुख्य फाइल एकटी उचलू नका, वाल आणि तिची सोबतची फाइल तिन्ही एकत्र घ्या. आणि मूळ प्रत साध्या दर्शकात कधीही उघडू नका. उघडून बंद करताच वाल मुख्य फायलीत रिती होते आणि जुन्या आवृत्त्या कायमच्या जातात.

मुदतीही ध्यानात ठेवा. स्क्रीन केव्हा उघडली, कोणतं ॲप समोर होतं या आयफोनच्या नोंदी साधारण चार आठवडे टिकतात. जागांची बारीक नोंद जेमतेम आठवडाभर. मृतदेह महिन्याने सापडला आणि फोन तोवर चालू राहिला असेल तर त्या गेलेल्या असतात.

दीपमाळ

टॉवरबद्दल कोणी लिहिलं नाही. 'फोन अमुक टॉवरवर होता म्हणून माणूस तिथे होता' हे वाक्य न्यायालयात सर्वाधिक ऐकू येतं आणि सर्वाधिक ताणलं जातं.

फोन जवळच्या टॉवरला चिकटतोच असं नाही, ज्याचा सिग्नल त्या क्षणी बरा त्याला चिकटतो. टॉवरचा एक सेक्टर साधारण १२० अंशांचा, मोकळ्या भागात कित्येक किलोमीटर लांब. टॉवरपासूनच्या अंतराची नोंद उपलब्ध असेल तर परिस्थिती सुधारते: जीएसएममध्ये (२जी) तिचा एक टप्पा सुमारे ५५० मीटरचा, एलटीईत (४जी) सुमारे ७८ मीटरचा. पण ती नोंद कंपन्या फार थोडे दिवस ठेवतात, त्यामुळे मागणी पहिल्या दिवशीच जायला हवी.

अमेरिकेतल्या अदनान सय्यद खून खटल्यात मोबाइल कंपनीच्या फॅक्सच्या मुखपृष्ठावर स्पष्ट छापलेलं होतं की जागेसाठी फक्त केलेले कॉल विश्वसनीय, आलेले नाहीत. तरीही आलेल्या कॉलवर युक्तिवाद उभा राहिला. डेन्मार्कमध्ये २०१९ मध्ये तर कच्च्या नोंदींचं रूपांतर करणारी प्रणालीच काही नोंदी गाळत होती आणि काही फोन चुकीच्या टॉवरशी जोडत होती. दोन महिने असा पुरावा वापरणं थांबवलं गेलं आणि दहा हजारांहून अधिक प्रकरणं पुन्हा तपासायला काढली.

रानवारा

अवांतर: डिजिटल पुराव्याने 'कोणी' याचं थेट उत्तर दिल्याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या विचिटाचा 'बीटीके' नावाने ओळखला जाणारा मालिका खुनी. १९७४ ते १९९१ मध्ये दहा खून, तीस वर्षं सुगावा नाही. २००५ मध्ये त्याने एका वाहिनीला फ्लॉपी पाठवली. तीवर पुसलेली वर्ड फाइल होती, तिच्या गुणधर्मांत एका चर्चचं नाव आणि शेवटचा बदल करणारा म्हणून 'डेनिस'. चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष डेनिस रेडर. नऊ दिवसांत अटक. तिथेही पोलिसांनी नावावर न थांबता डीएनए जुळवूनच अटक केली.

कुतूहल

एक शंका. आयफोनमधली माहिती दोनदा काढली आणि दोन्ही वेळा हॅश (फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ओळख-आकडा) वेगळा आला तर पुरावा बाद का?

हॅशमेळ

नाही. बंद पडलेल्या हार्डडिस्कची प्रत घेताना मूळ आणि प्रत यांचा हॅश (एसएचए-२५६ पद्धतीचा) जुळलाच पाहिजे. चालू फोन मात्र प्रत काढत असतानाही स्वतःच्या नोंदी लिहीत असतो, त्यामुळे दुसऱ्या वेळचा हॅश वेगळा येणारच. तिथे हॅश सांगतो ते एवढंच की पहिल्यांदा काढलेली फाइल तेव्हापासून बदललेली नाही. म्हणून तो काढल्या क्षणी, तिथेच, लिहून घ्यायचा. आठवड्याने काढलेला हॅश मधल्या आठवड्याबद्दल काहीच सांगत नाही.

एसएसडीची, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कची, गत निराळी. लेखनरोधक (डिस्कवर काही लिहू न देणारं साधन) लावला तरी आतला नियंत्रक पुसलेले भाग आपणहून साफ करत राहतो. तिला वीज देऊन ताटकळत ठेवू नये, जोडली की लगेच प्रत घ्यावी.

अक्षांश

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा खोल गेला. मूळ प्रश्नावर माझी मांडणी आता अशी. फोनवरून मृत्यूची वेळ काढायचीच नाही. दोन टोकं काढायची. खालचं टोक म्हणजे मृताने स्वतः केलेली शेवटची कृती, वरचं टोक म्हणजे मृतदेह सापडणं किंवा जी प्रतिक्रिया यायलाच हवी होती ती पहिल्यांदा न येणं: न उचललेला कॉल, न थांबवलेला गजर. मधल्या पट्ट्यात शवविच्छेदनाचा पट्टा बसवायचा.

पार्श्वभूमीवर होणारं ईमेल आणणं, फोटोंची नक्कल, सूचना उजळणं या यंत्राच्या कृती आहेत, त्यांना जिवंतपणाचं लक्षण धरायचं नाही.

नोंदकर्ता

अक्षांश, खालच्या टोकाला एक अट जोडा. 'मृताने स्वतः' हे सिद्ध व्हायला हवं. खुनी मृताचा फोन वापरून 'मी पोचले, काळजी नको' असा मेसेज पाठवतो, हे जुनं तंत्र आहे. फोन कसा उघडला गेला पाहायचं: रोज चेहऱ्याने उघडणारा फोन त्या रात्री एकाएकी पासकोडने उघडत असेल तर थांबायचं. मेसेज लिहायला लागलेला वेळ, रोजच्या संक्षेपांचा अभाव, एरवी ध्वनिसंदेश पाठवणाऱ्या व्यक्तीने टाइप केलेला मजकूर. त्याच वेळी मनगटावरचं घड्याळ काय सांगतं? नाडी थांबल्यावर आलेला मेसेज तिचा नाही.

पारिजात

घड्याळाच्या नाडीबाबत सावध. तो संवेदक त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून परतणारा मोजतो आणि निर्जीव वस्तूवरही कधीकधी आकडा दाखवतो. नाडीचा एकटा आकडा घेऊ नये, त्यासोबत हालचाल आणि 'मनगटावर आहे' ही नोंद जुळली पाहिजे.

दीपमाळ

अहवालाच्या भाषेबद्दलही. '९:१२ ला मृताने फोन उघडला' असं लिहू नये. 'फोन ९:१२:०६ ला पासकोडने उघडला गेल्याची नोंद अमुक तक्त्यात आहे, उपकरणाचं घड्याळ प्रमाणवेळेपेक्षा ३ सेकंद पुढे होतं' असं लिहावं. उलटतपासणीत पहिलं वाक्य एका प्रश्नात पडतं.

कुतूहल

शेवटचा प्रश्न. फोनवर रक्त किंवा ठसे असतील तर आधी काय? ठसेवाल्यांना द्यायचा की तुम्हाला?

हॅशमेळ

आधी फोटो. मग डीएनएसाठी पुसणी, कोरड्या-ओल्या काडीने, पोर्ट आणि बटणं सोडून. तोवर फोनला वीज आणि नेटवर्कपासून आडोसा दोन्ही मिळत राहिले पाहिजेत. त्यानंतर हातमोजे घालून, कडांना धरून, माहिती काढणं. ठशांसाठीची पावडर आणि सायनोॲक्रिलेटची (सुपरग्लूची) वाफ सर्वांत शेवटी, कारण ती वाफ पोर्टमध्ये आणि पडद्यावर थर धरते आणि मग फोन जोडताही येत नाही. दोन्ही विभागांनी हा क्रम घटनास्थळीच एकत्र बसून ठरवावा आणि लिहून घ्यावा.